अकरा वर्षांचा अभ्यासदौरा

२३ डिसेंबर १८७१ रोजी योकोहामा बंदरातून 'अमेरिका' नावाची आगबोट सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाली. जपानमध्ये शोगुनांची राजवट संपून सम्राट मेइजींच्या नावाने नवे सरकार आले, त्याला पुरती चार वर्षेही झाली नव्हती. तरीही त्या सरकारातले कितीतरी कर्ते पुरुष या बोटीवर होते. प्रमुख राजदूत इवाकुरा तोमोमी, त्यांच्या हाताखाली किदो ताकायोशी, ओकुबो तोशिमिची आणि इतो हिरोबुमी. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिले आहे.) घर नुकतेच बांधायला काढावे आणि गवंड्यांनी, सुतारांनी मिळून दुसऱ्यांची घरे पाहायला परदेशी निघावे, असाच हा प्रकार होता. हे शिष्टमंडळ सप्टेंबर १८७३ मध्ये परतले.

असमान तहांची फेरबोलणी हा दौऱ्याचा एक हेतू होता आणि तो जवळजवळ पूर्ण फसला. दुसरा हेतू पाश्चात्त्य समाज ज्या संस्थांवर उभा आहे त्या संस्था जवळून पाहण्याचा होता. शाळा, इस्पितळे, तुरुंग, टांकसाळी, कापडगिरण्या, ग्रंथालये, संसद असे काहीही त्यांनी सोडले नाही. शिष्टमंडळाचे बखरकार कुमे कुनिताके यांनी हे सारे टिपून ठेवले आणि १८७८ मध्ये पाच खंडांत, शंभर प्रकरणांत प्रसिद्ध केले. एखाद्या राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रांकडे इतक्या पद्धतशीर कुतूहलाने पाहिल्याची उदाहरणे फार नाहीत.

मला मात्र या कथेतल्या मोठ्या माणसांपेक्षा त्यांच्या सोबतीने निघालेल्या विद्यार्थ्यांनी अधिक ओढून घेतले. चाळीसहून अधिक विद्यार्थी त्याच बोटीने शिकायला निघाले होते आणि त्यांत पाच मुली होत्या. सर्वांत मोठ्या दोघी चौदा वर्षांच्या. सर्वांत धाकटी त्सुदा उमे सहा वर्षांची. सातवा वाढदिवस तिने बोटीवरच ओलांडला.

या मुलींपर्यंत मी पोचलो तो आपल्या आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात १८८५ मध्ये काढलेले एक छायाचित्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. आपापल्या देशीच्या वेशातल्या तीन विद्यार्थिनी त्यात आहेत. एक आनंदीबाई, दुसरी सिरियाची साबात इस्लामबूली आणि तिसरी जपानची ओकामी केइको. आनंदीबाईंवर आपल्याकडे चरित्रे आली, कादंबरी आली, नाटक आले. पण शेजारी बसलेली ती जपानी स्त्री तिथवर कशी आली असेल, असा प्रश्न आपण क्वचितच विचारला. त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ओकामींच्या कितीतरी आधी निघालेल्या या पाच मुली समोर आल्या आणि मग त्यांनी पाठ सोडली नाही.

मुलींना पाठवण्याची कल्पना कुरोदा कियोताका यांची. होक्काइदो बेटाच्या वसाहत खात्याचे ते उपप्रमुख होते. १८७१ च्या सुरुवातीला ते अमेरिका पाहून आले आणि तिथल्या स्त्रिया शिकलेल्या, मोकळेपणाने वावरणाऱ्या पाहून चकित झाले. त्यांचा हिशेब सरळ होता: देश सुधारायचा तर शहाणे पुरुष हवेत, शहाण्या पुरुषांसाठी शहाण्या आया हव्यात, आणि शहाण्या आया हव्या असतील तर मुली शिकवायला हव्यात. दहा वर्षांचा सगळा खर्च सरकारचा, शिवाय दरसाल आठशे डॉलरचा भत्ता. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. तरीही पहिल्या जाहिरातीला एकही अर्ज आला नाही. दुसऱ्या खेपेला पाच आले आणि पाचही मुलींची निवड झाली. ही 'निवड' म्हणायची ती अशी.

अर्ज कोणी केले हे पाहण्यासारखे आहे. या मुली सामुराई घराण्यांतल्या होत्या आणि त्यांतली बहुतेक घराणी १८६८ च्या यादवीत हरलेल्या, म्हणजे शोगुनांच्या, बाजूची होती. नव्या राजवटीत ज्यांची प्रतिष्ठा गेली होती, मिळकत गेली होती, त्यांनी आपल्या मुली डावावर लावल्या. अकरा वर्षांची यामाकावा सुतेमात्सु ऐझूची. ऐझूच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा ती आठ वर्षांची होती, आत अडकलेली. तोफगोळ्याने तिची वहिनी दगावली. तिचे मूळ नाव साकी. बोटीवर चढण्याआधी आईने ते बदलून 'सुतेमात्सु' ठेवले. टाकून देणे आणि वाट पाहणे, असे दोन्ही अर्थ त्या नावातून ऐकू येतात. सरकारी ठरावांत आणि खलित्यांत जे लिहिलेले नाही ते या एका नावात आहे.

निघण्यापूर्वी पाचही मुलींना सम्राज्ञीने भेटीस बोलावले. देशात मुलींच्या शाळा निघतील तेव्हा तुम्ही देशभगिनींसमोर आदर्श व्हा, अशा आशयाचे पत्र त्यांना देण्यात आले. सहा वर्षांच्या मुलीला त्यातले काय कळले असेल? पण उमेच्या पुढच्या आयुष्यभर त्या पत्राचे ओझे तिच्या खांद्यावर दिसते.

इथून एकाच बोटीवरच्या प्रवाशांच्या वाटा फुटतात आणि पाहण्याच्या दोन तऱ्हा सुरू होतात. शिष्टमंडळाने संस्था पाहिल्या त्या पाहुण्यांनी पाहाव्यात तशा. दिवसाला दोन-तीन ठिकाणे, स्वागत, भाषण, आकडेवारी, टिपण. कुमे यांची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. अमेरिकेत नवरे बायकांची कशी सरबराई करतात, त्यांना खुर्ची देतात, त्यांचे सामान उचलतात, हे पाहून ते चक्रावले आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. पण घराचा दरवाजा बंद झाल्यावर आत काय चालते, हे पाहुण्याला दिसत नाही. मुली त्या बंद दरवाजाच्या आत राहिल्या.

पाचांपैकी मोठ्या दोघी, योशिमासु र्‍यो आणि उएदा तेई, प्रकृतीच्या कारणाने वर्षाच्या आतच परतल्या. उरल्या तिघी. उमे वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउन येथे चार्ल्स आणि अॅडलिन लॅनमन या निपुत्रिक जोडप्याकडे राहिली. चार्ल्स लॅनमन जपानी वकिलातीत चिटणीस होते. सुतेमात्सु कनेटिकटमधील न्यू हेवनला लिओनार्ड बेकन या धर्मोपदेशकांच्या घरी राहिली. त्यांची मुलगी अॅलिस तिची जन्माची मैत्रीण झाली. नागाई शिगे जवळच फेअर हेवनला अॅबट कुटुंबात वाढली. पुढे १८७८ मध्ये सुतेमात्सु आणि शिगे न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील व्हासार महाविद्यालयात दाखल झाल्या. शिगेने संगीताचा अभ्यासक्रम पुरा केला आणि ती १८८१ मध्ये मायदेशी गेली. सुतेमात्सु १८८२ मध्ये पदवीधर झाली. अशी पदवी मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. पदवीदान समारंभात तिने भाषण केले ते इंग्लंडच्या जपानविषयक धोरणावर, म्हणजे ज्या असमान तहांसाठी इवाकुरा यांनी समुद्र ओलांडला होता, नेमक्या त्या विषयावर. शहाण्या आया घडवायला पाठवलेल्या मुलीने परराष्ट्रधोरणावर बोलावे, हे कुरोदांच्या हिशेबात कुठेच नव्हते.

नोव्हेंबर १८८२ मध्ये सुतेमात्सु आणि उमे योकोहामाला उतरल्या. दहा वर्षांची मुदत शिक्षण पुरे करण्यासाठी वाढवून घेतल्याने जवळजवळ अकरा वर्षे झाली होती. आणि इथे या कथेचा खरा पेच सुरू होतो. त्यांच्यासाठी काहीच ठरलेले नव्हते. ज्या वसाहत खात्याने त्यांना पाठवले, ते खातेच त्या वर्षी बंद झाले होते. त्यांच्याबरोबर गेलेले पुरुष परतले ते थेट खुर्च्यांवर. ओकुबोंनी गृहखाते उभारले. इतो पुढे राज्यघटनेचे शिल्पकार आणि पहिले पंतप्रधान झाले. विद्यार्थी म्हणून गेलेल्या मुलग्यांना विद्यापीठे, खाणी, मंत्रालये वाट पाहत होती. मुलींची वाट कोणती कचेरी पाहत होती? कोणतीच नाही.

भाषेचा प्रश्न त्याहून अवघड होता. सुतेमात्सुचा भाऊ केन्जिरो हाही अमेरिकेत शिकत होता आणि बहिणीची जपानी सुटू नये म्हणून त्याने आग्रह धरला होता. त्यामुळे तिची भाषा थोडीफार टिकली. उमे मात्र सातव्या वर्षी परक्या घरी गेलेली. मातृभाषा ती पूर्णपणे विसरली होती. आईशी बोलायलाही तिला मधे कोणीतरी लागे. सुतेमात्सुला शिक्षिकेच्या जागेविषयी विचारणा झाली, पण वर्गात लागणारी लेखी जपानी तिच्याकडे नव्हती. वाढीची सारी वर्षे परक्या समाजाला समजून घेण्यात गेली आणि ज्या समाजासाठी समजून घ्यायचे, त्याच्याशी बोलण्याचे साधनच हातून सुटले.

मला हा सगळा प्रकार नुसता दुर्लक्षाचा वाटत नाही. योजनेच्या मुळातच ते होते. 'आई' हे पद सरकारला मान्य होते, पण त्या पदाची कचेरी म्हणजे नवऱ्याचे घर. त्यामुळे शिकून आलेल्या मुलीने आता लग्न करावे, एवढेच काय ते उत्तर व्यवस्थेपाशी होते.

तिघींनी त्या उत्तराशी तीन प्रकारे झुंज घेतली. शिगेने अमेरिकेतच ओळख झालेल्या उर्यू सोतोकिची या आरमारी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि संसार सांभाळून ती वर्षानुवर्षे पियानो आणि इंग्रजी शिकवत राहिली. पगारी नोकरी करणारी सात मुलांची आई, हे त्या काळच्या जपानला नवे दृश्य होते. सुतेमात्सुने १८८३ मध्ये ओयामा इवाओ या युद्धमंत्र्याशी लग्न केले. ओयामा विधुर, तीन मुलींचे बाप आणि मुख्य म्हणजे सात्सुमाचे. १८६८ मध्ये ऐझूच्या किल्ल्यावर तोफा डागणाऱ्या सैन्यात ते होते आणि सुतेमात्सु त्या किल्ल्याच्या आत होती. घरच्यांनी आधी नकार दिला, तो स्वाभाविकच होता. तिने मात्र विचारपूर्वक होकार दिला. मंत्र्याची पत्नी म्हणून मिळालेले वजन तिने १८८४ मध्ये परिचारिकांच्या शाळेसाठी धर्मादाय बाजार भरवून वापरले. जपानात असा उपक्रम तोवर झाला नव्हता. त्याची किंमतही तिने मोजली. तोकुतोमी रोका यांच्या 'होतोतोगिसु' या लोकप्रिय कादंबरीतली परदेशी शिकलेली दुष्ट सावत्र आई म्हणजे ओयामा सुतेमात्सुच, असे वाचकांनी धरून टाकले. शिकलेली बाई घर मोडते, ही समजूत टोकियोतही पुण्याइतकीच तयार होती.

उमेने लग्न केले नाही. अॅडलिन लॅनमन यांना लिहिलेल्या पत्रांतून लग्नाच्या विषयाला ती किती कंटाळली होती ते जागोजागी दिसते. ही पत्रे तिच्याच संस्थेच्या इमारतीत १९८४ मध्ये सापडली आणि त्यांनी तिचे चरित्र नव्याने लिहायला लावले. सरकारने आपल्यावर पैसा खर्च केला आहे आणि तो आपण फेडला पाहिजे, ही जाणीव त्यांत वारंवार येते. एका मेजवानीत इतो हिरोबुमी भेटले. बोटीवरची ती चिमुरडी त्यांना आठवली आणि त्यांनी तिला आपल्या घरी शिकवणीसाठी ठेवून घेतले. १८८५ मध्ये सरदार घराण्यांतल्या मुलींसाठी शाळा निघाली तिथे ती इंग्रजीची शिक्षिका झाली. तिथल्या मुलींना शिकण्याची गरज वाटत नव्हती आणि शाळेलाही त्यांच्याकडून चांगल्या वळणापलीकडे फारसे काही नको होते. १८८९ मध्ये रजा काढून ती पुन्हा अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात. तिथे तिने जीवशास्त्र घेतले. टी. एच. मॉर्गन, ज्यांना पुढे नोबेल मिळाले, त्यांच्याबरोबर बेडकाच्या अंड्यावर केलेले तिचे संशोधन १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधनासाठी थांबायचे सोडून ती १८९२ मध्ये परतली.

इथे आपल्याकडे वळून पाहावेसे वाटते. उमेचा जन्म ३१ डिसेंबर १८६४ चा. आनंदीबाईंचा ३१ मार्च १८६५ चा. बरोबर तीन महिन्यांचे अंतर. उमे अमेरिकेतून परतली आणि पाचच महिन्यांत, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. उमेला सरकारने पाठवले होते. आनंदीबाईंमागे कोणतेही सरकार नव्हते. नवऱ्याची जिद्द, थोडे दागिने आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंची माया, एवढ्या भांडवलावर त्या गेल्या. पण वयाच्या अठराव्या वर्षी गेल्याने भाषा, आहार, वेश, आपण कोणासाठी शिकतो आहोत याचे भान, हे सारे त्यांच्याजवळ पक्के होते. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. आणि त्या परतण्याआधीच कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्री विभागावर त्यांची नेमणूक केली होती.

जपानमध्ये माणसे परत आली, त्यांच्यासाठी जागा नव्हती. आपल्याकडे जागा तयार होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. ती जागा पोकिप्सी गावात आहे. सुतेमात्सु आणि शिगे जिथे शिकल्या तेच गाव.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईंनी तिसरी वाट दाखवली. त्या सुमारे पावणेतीन वर्षे अमेरिकाभर फिरल्या, शाळा-संस्था पाहिल्या आणि १८८९ मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत ग्रंथ प्रसिद्ध केला. कुमे यांच्या पाच खंडांशेजारी ठेवावा असा तो आहे, फरक एवढाच की रमाबाई संस्थांकडे पाहताना त्यांत बाईला काय मिळते, हे आधी पाहतात. शिवाय त्यांनी केवळ टिपणे आणली नाहीत. १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली. परतताना त्या जपानमार्गे आल्या, तिथे त्यांची व्याख्यानेही झाली. ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच, शारदासदन उघडले. परदेशातून शिकून यायचे ते खुर्ची मागायला नव्हे, तर स्वतःची संस्था सोबत घेऊन, हे रमाबाईंना उमेच्या आधी अकरा वर्षे उमगले होते.

उमेनेही पुढे तेच केले. दुसऱ्या अमेरिकावारीत फिलाडेल्फियाच्या मेरी मॉरिस यांच्या मदतीने तिने जपानी मुलींसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभा केला. या मुली मोठ्या वयात, स्वतःच्या भाषेत शिकून मगच अमेरिकेला जाणार होत्या. सहाव्या वर्षी पाठवण्याची चूक तिने आपल्या योजनेत शिरू दिली नाही. १८९९ मध्ये प्रत्येक प्रांतात मुलींचे हायस्कूल असावे असा कायदा झाला आणि शिक्षिकांची गरज निर्माण झाली. पुढच्याच वर्षी उमेने सरदारांच्या शाळेचा राजीनामा दिला आणि टोकियोत एका भाड्याच्या घरात दहा मुलींना घेऊन इंग्रजी शिकवणारी संस्था काढली. अॅलिस बेकन अमेरिकेहून मदतीला आली. सुतेमात्सु आणि शिगे पाठीशी होत्याच. १९०५ मध्ये या संस्थेच्या विद्यार्थिनींना सरकारी परीक्षेशिवाय इंग्रजी शिक्षिकेचा परवाना मिळू लागला. मुलीच्या हाती पोट भरण्याचे साधन आले, हा माझ्या मते त्या अभ्यासदौऱ्याचा पहिला खरा निकाल. बोट सुटली त्याला तोवर चौतीस वर्षे होत आली होती.

जपानहून महाराष्ट्राकडे येणारा एक धागा अजून आहे. अमेरिकेत शिकून आलेल्या नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ काढले. त्याची माहिती देणारी पुस्तिका महर्षी कर्वे यांच्या हाती पडली, डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते पुण्यात सुरू झाले. पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या. कर्वे यांनी नारुसेंचा नमुना घेतला, उमेचा नव्हे: गृहजीवनाला धरून असलेला वेगळा अभ्यासक्रम. त्यावर तेव्हा टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. पण कर्वे यांनी एक गोष्ट ठामपणे धरली, ती म्हणजे मातृभाषेतून शिक्षण. शिक्षणापायी मातृभाषा गमावलेल्या उमेची कहाणी वाचल्यावर या आग्रहाचे मोल मला अधिक जाणवले.

जुलै २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर त्सुदा उमेको यांचे चित्र आहे. नोट पाहून कोणाला वाटेल की सरकारने १८७१ मध्ये फारच दूरदृष्टी दाखवली. मी तसे म्हणणार नाही. सरकारने मुली पाठवल्या आणि विसरून गेले. जे उभे राहिले ते त्या विसरण्याशी झगडून. आजही आपल्याकडून हजारो मुले-मुली परदेशी शिकायला जातात, तिकडचेही इकडे येतात, आणि आपण मोजतो ती विद्यापीठांची नावे आणि शुल्काचे आकडे. परत येणाऱ्याने काय करावे याची तजवीज कोणी केली आहे का, हा प्रश्न मात्र अजून विचारायचाच राहतो.

१९१९ च्या सुरुवातीला उमे आजारी पडून संस्थेचे काम सोडण्याच्या बेतात होती. टोकियोत इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. तशात सुतेमात्सु उमेच्या जागी संस्था सांभाळणारी व्यक्ती शोधण्यासाठी धडपडत राहिली. व्यक्ती मिळाली, तिने होकार दिला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, १८ फेब्रुवारीला, सुतेमात्सु त्याच साथीत गेली. संस्था आज त्सुदा विद्यापीठ म्हणून चालू आहे.